तंबूतून येणारा माझा आवाज

हिंगणघाटात आल्यावर आई कुजबुजत बोलायला लागली. तोवर मी तिला कधी हळू बोलताना ऐकलंच नव्हतं. स्टुडिओत पार वर मचाणावर बसलेल्या लाइटवाल्यापर्यंत पोचेल असा तिचा आवाज होता, आणि घरी मला जेवायला हाक मारतानाही ती तोच लावायची. मामाच्या घरी मात्र तिला मीठ हवं असलं तरी ती उठून मामीच्या कानाशी जायची. मला वाटायचं, आईच्या घशाला काही झालंय आणि ती मला सांगत नाही. त्या दिवसांत मला कुठल्याही गोष्टीतून तेवढा एकच अर्थ कळायचा, की आईला काहीतरी होणार आहे.

मामाचं घर कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत होतं. मातीच्या कवेलूंचं छप्पर, पुढं शेणानं सारवलेला ओटा, मागं विहीर आणि विहिरीशी कढीलिंबाचं झाड. मामा जिनात फिटर होता. तेलानं काळी झालेली त्याची बोटं कितीही घासली तरी पांढरी होत नसत, आणि त्याच बोटांनी तो भाकरीचे इतके बारीक तुकडे करायचा की मी बघत राहायची. हंगाम ऐन भरात होता. पहाटेपासून कापसानं लादलेल्या बैलबंड्या गल्लीच्या तोंडाशी रांगेत उभ्या असत. बैलांच्या घुंगरांचा, गाडीवानांच्या शिव्यांचा आणि जिनातल्या पट्ट्यांच्या फटफटीचा आवाज दिवसभर घरात असायचा. भोंगा वाजला की भिंतीवरची भांडी थरथरायची. रुईचे तंतू सगळीकडं उडत. ते तुळशीवर बसत, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसत, वरणाच्या भांड्यात तरंगत. मामी ते बोटानं काढून टाकायची आणि पुढं वाढायची. तिच्या हातची अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वर लसणाचं तेल. अशी चव मी तोवर खाल्ली नव्हती. पण खाताना माझं लक्ष दाराकडं असायचं.

मला काही गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. कुणी विचारलं तर आम्ही वडनेरचे. आई ही मामाची चुलत बहीण, नवऱ्यानं टाकलेली. माझं नाव कुंदा, नुसतं कुंदा; त्याच्याआधी ‘बेबी’ लावायचं नाही. पुण्याचं नाव काढायचं नाही. मी ते चोख पाठ केलं, कारण संवाद पाठ करायची मला सवय होती. मामीला हे खोटं बोलणं मुळीच पटलेलं नव्हतं. तिची थोरली मुलगी विमल लग्नाची झाली होती आणि आर्वीकडच्या एका घरी बोलणी चालली होती. आम्ही आलो त्या दिवशी चुलीपुढं बसून ती मामाला म्हणाली होती, “काऊन आणली तिले घरात? विमलचं जमून राह्यलं. पाव्हण्याईले समजलं का नटी हाय, तर उभे तरी राह्यतीन का दारात?” मामा म्हणाला, “माह्या बहिणीले कुठं टाकू?” मामीनं चुलीतलं लाकूड तेवढं जोरात मागं ओढलं.

आई नटी होती म्हणजे काय होती, हे इथं सांगायला हवं. आज तिचं नाव कुणाला आठवत नाही. पडद्यावर ती इंद्रलेखा होती. घरातलं नाव यमुना. वडनेरच्या शेतकऱ्याची मुलगी, जात्यावर आणि लग्नाघरी गाणारी. हिंगणघाटच्या बाजारात एक नाटक कंपनी मुक्कामाला आली होती, तेव्हा मामानंच तिला हौसेनं नाटक दाखवायला नेलं. परतीच्या वाटेवर ती ऐकलेली पदं जशीच्या तशी म्हणत आली आणि कंपनीतल्या एका बाईनं ती ऐकली. कंपनीचा मुक्काम हलला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची आई तिच्याबरोबर गेली. आजोबांनी तिच्या नावानं घागर फोडली. पुढं बोलपटांनी नाटक कंपन्या खाल्ल्या आणि ती पुण्यात एका स्टुडिओच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. पहिल्या चित्रात तिला राणीच्या मागं चवरी ढाळत उभं राहायचं होतं आणि एकच वाक्य म्हणायचं होतं. त्या वाक्यात ‘मला’ हा शब्द होता आणि आईच्या तोंडून ‘मले’ निघालं. सगळा सेट हसला. त्यानंतर भाषेचा एक मास्तर ठेवला गेला. तो प्रत्येक ‘मले’ला हातावर रूळ मारायचा. वर्षभरात आईची बोली गेली. ती घरातसुद्धा पुस्तकासारखं बोलू लागली.

मग ती नायिका झाली. कॅलेंडरांवर तिचं चित्र आलं, दुकानांतून तिच्यासारख्या काठाची पातळं निघाली. पत्र्याचे जड दागिने घालून ती दिव्यांपुढं इतका वेळ उभी राहायची की घरी आल्यावर डोळ्यांवर ओलं फडकं बांधून पडून राहावं लागे. मी तिच्याजवळ बसून ते फडकं भिजवून द्यायची. स्टुडिओच्या मालकानं तिला एक छोटा बंगला घेऊन दिला होता. मालकाला मुंबईत बायको होती, मुलं होती. मी पोटात असताना आई बराच काळ पडद्यावर दिसली नाही आणि मासिकांत ‘प्रकृती अस्वस्थ’ असं छापून आलं. ती परतली तेव्हा नायिकेच्या जागी दुसरी आली होती. आईला वहिनीची, मोठ्या बहिणीची कामं मिळू लागली, आणि ती त्यांतही जीव ओतायची.

मालकांना मी एकांतात ‘पप्पा’ म्हणायचं आणि लोकांत ‘मालक’. एकदा पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून चुकून ‘पप्पा’ निघालं. ते हसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पाहुणे गेल्यावर मला कपडेपटाच्या खोलीत कोंडलं. तिथं मुकुट होते, दाढ्या होत्या, राक्षसांचे मुखवटे होते. काम आटपेपर्यंत मी त्यांच्यात उभी होते. बसायचीसुद्धा हिंमत झाली नाही. पुन्हा ती चूक माझ्याकडून झाली नाही.

मी दिसायला गोड होते, न अडखळता बोलायची, म्हणून मला कॅमेऱ्यापुढं उभं केलं. माझ्या दुसऱ्या चित्रात एक प्रसंग होता. आई मेली आहे आणि मुलगी तिला उठवते आहे. पडद्यावरची आई दुसरीच कुणी बाई होती. माझी आई त्या दिवशी दुसऱ्या स्टुडिओत कामाला गेली होती. मला रडू येईना. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं तर ते झोंबलं आणि मी हसायलाच लागले. सगळे खोळंबले. तेव्हा मालक माझ्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि हळू आवाजात म्हणाले, “कुंदा, तुला आत्ता सांगायचं नव्हतं. तुझी आई गेली बाळ. मोटारीखाली सापडली.” मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते डोळे पुसत होते. पुढचं मला नीट आठवत नाही. दिवे फार प्रखर होते, आणि मी त्या अनोळखी बाईला गदागदा हलवत होते, एवढं आठवतं. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्यांनी वाजवल्या. मालकांनी मला उचलून घेतलं, तोंडात पेढा घातला. “वेडी, आहे तुझी आई. काय रडलीस गं! सोनं केलंस.”

माझा विश्वास बसला नाही. संध्याकाळी आई आली तेव्हा मी तिचे हात, पाय, कान चाचपून बघितले. तरीही बसला नाही. कपडेपटातल्या एका बाईनं आईला सगळं सांगितलं. आईनं मालकांना विचारलं तेव्हा मी दाराआड होते. ते म्हणाले, “भीती खरी लागते, लेखा. लोक तेवढ्यासाठी तिकीट काढतात. पुढच्या चित्रातही हीच मुलगी असणार आहे, अर्धं झालंय ते.” दुसऱ्या दिवशी बाजाराला म्हणून आम्ही निघालो ते स्टेशनवर गेलो. अंगावरच्या कपड्यांनिशी. दोन गाड्या बदलून हिंगणघाटला उतरलो आणि आई विचारत विचारत जिनाच्या फाटकाशी गेली. मामा बाहेर आला. इतक्या वर्षांत त्यानं तिला फक्त वर्धेच्या आणि नागपूरच्या थेटरांत बघितलं होतं, तेही घरी न सांगता. आई म्हणाली, “दादा, मी यमी.” मामानं तेलकट हात पायजम्याला पुसले, मला कडेवर घेतलं आणि घराकडं चालू लागला.

आई जिनात कामाला लागली. बायका ओळीनं बसून कापसातली कवडी, म्हणजे डागी आणि किडका कापूस, वेचून बाजूला काढत. रुई नाकातोंडात जाऊ नये म्हणून सगळ्यांची तोंडं फडक्यानं बांधलेली असत, आणि आईला तेच हवं होतं. भोंग्यापासून भोंग्यापर्यंत ती आत असायची आणि मी ओट्यावर. फाटकाकडं बघत. शाळेत घालायचं मामाच्या मनात होतं, पण मी ओट्यावरून हलत नव्हते. आदल्या हंगामात एका बाईचा हात पट्ट्यात गेला होता हे मी बायकांच्या बोलण्यात ऐकलं होतं. जिनातून कुणाचा मोठ्यानं आवाज आला की मी ओट्यावर उभी राहायची.

संक्रांत होऊन गेल्यावर वणा नदीकाठच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. पहिले काही खेळ दुसऱ्याच चित्रांचे झाले. मग एक दिवस भोंगा बांधलेला टांगा गल्लीतून गेला आणि त्यातला माणूस ओरडत होता, “काळीज पिळवटून टाकणारं बेबी कुंदाचं काम! आयाबहिणींनो, रुमाल घेऊन या!” आई विहिरीवर होती. तिच्या हातातला दोर सुटला आणि बादली खाली गेली.

त्या दिवशी दिवेलागणीनंतर आम्ही जेवायला बसलो होतो आणि वाऱ्याबरोबर मला माझा आवाज ऐकू आला. तंबूला भिंती नसतात, कापडच असतं, आणि कर्णे मोठे लावलेले. “आई, ऊठ ना गं! आई! मी नाही पुन्हा हट्ट करणार!” हे शब्द संहितेत नव्हते. ते माझे होते. मी घास हातात धरून ऐकत राहिले. ती जी रडत होती तिची आई मेली होती आणि माझी समोर बसली होती, आणि यातलं कुठलं खरं हे मला कळेना. आईनं मला मांडीवर ओढलं, कोपऱ्यातल्या पोत्यातला कापूस घेऊन माझ्या दोन्ही कानांत कोंबला आणि वरून तळहात दाबून धरले. तिच्या हातांतून मला तिची नाडी ऐकू येत होती. पण तिच्या स्वतःच्या कानांवर कुणाचे हात नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती वेळ जवळ आली की आई कापूस हाताशी घ्यायची. मामी डाव हातात धरून थबकायची. एका संध्याकाळी आवाज थांबल्यावर तिनं माझ्या कानातला कापूस स्वतः काढला आणि विचारलं, “हे तूच व्हय?” मी मान हलवली. “खरंच रडून राह्यली होती का नाटकातलं होतं?” मी म्हटलं, “खरंच. मला सांगितलं आई मेली.” मामीनं आईकडं बघितलं. मग माझ्या भातावर तूप वाढलं, आणि वाढतच राहिली, ताटात ओघळ जाईपर्यंत.

मागच्या वर्षी माझ्या नातीनं मोबाइलवर तोच तुकडा शोधून काढला. कुणीतरी जुन्या चित्रांतले प्रसंग त्यावर टाकत असतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती सहज अभिनय, हल्लीच्या मुलांना जमणार नाही. नात म्हणाली, “आजी, तू किती भारी होतीस!” मी आवाज बंद करायला सांगितला. चित्र बघू शकते मी. आवाज आजही ऐकवत नाही.

त्या दिवसांत तंबूत जाऊन आलेल्या एका शेजारणीनं मला ओळखलं. ओट्यापाशी येऊन तिनं माझी हनुवटी धरून वर केली. “अगं बाई, हे तर तेच पोट्टी हाय!” चार घरांत गेलं, मग चाळीस घरांत. तंबूचा मालक आला आणि म्हणाला, पोरीला खेळाआधी जरा तिकिटाच्या खिडकीशी उभी करा. मामानं त्याला ओट्यावर चढू दिलं नाही. पण त्या माणसाकडून बातमी नागपूरला गेली. आमच्या मालकांची चित्रं या भागात दाखवायचे हक्क नागपूरच्या एका शेठकडं होते. हा शेठ म्हणजे मालकांच्या बायकोचा सख्खा भाऊ. अर्ध्या राहिलेल्या चित्रातही पैसा त्याचाच होता, आणि त्यानंच मालकांना कळवलं. त्याला एवढंच सांगण्यात आलं होतं की करारातली बालनटी तिच्या आईनं पळवून नेली आहे.

मग एका दुपारी मोटार आली. मी ओट्यावर होते, मामी आत भाकऱ्या थापत होती. काळी मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि मालक उतरून चालत आले. पांढरे कपडे, त्यांचं नेहमीचं अत्तर.  ते माझ्यासमोर उकिडवे बसले. अगदी तसेच. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

“कुंदा, लवकर चल बाळ. आईला जिनात अपघात झालाय. दवाखान्यात नेलंय. तुझं नाव घेतेय.”

मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. ओले होते. मला माहीत होतं हे खोटं आहे. आणि तरी पट्ट्यात गेलेला तो हात माझ्या डोळ्यांपुढं आला. खोटं बोलणारा माणूस एखाद्या वेळी खरंही बोलत असेल, तर? इतक्या वर्षांनीही त्या क्षणाची भीती मला जशीच्या तशी आठवते. दोन्हीकडून तोंड बंद झालेल्या गल्लीसारखी.

मामी पिठाच्या हातांनी दारात आली. “कोण व्हय तुमी?” ते उभे राहिले, नमस्कार केला, अगदी आदबीनं म्हणाले, “मी हिच्या आईच्या कंपनीचा मालक. मुलीला न्यायला आलोय. तुमच्याही घराला त्रास नको, लोक काय काय बोलतात. आम्ही गेलो की तुम्ही मोकळ्या.”

मामीला किती सोपं होतं. विमलची बोलणी अजून मोडली नव्हती. तिनं नुसतं आत वळायचं होतं. ती माझ्याकडं बघत म्हणाली, “कुंदे, पळ. जिनात जा तुह्या मायकडं. पळ!” आणि मालक वळायच्या आत तिनं पिठाच्या हातांनी त्यांचा सदरा मागून पकडला.

मी पळाले. मागून मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, तिचा हॉर्न वाजला, पण गल्लीच्या तोंडाशी कापसाच्या बंड्या होत्या आणि बैल मोटारीला बुजून आडवे झाले होते. मी बंड्यांच्या खालून गेले. चाकाची कड डोक्याला लागली. फाटकातला चौकीदार “ए पोट्टे” म्हणून ओरडला. मी बायका बसत त्या छपरीत शिरले. आत पांढरा अंधार होता. रुई उडत होती आणि ओळीनं बसलेल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झालेल्या. तोंडं बांधलेली. सगळ्या सारख्या. यंत्रांच्या आवाजात मी ओरडले, “आई!” आणि त्या सगळ्याच जणींनी माना वर केल्या. मला त्यांच्यात माझी आई दिसेना. एकेका चेहऱ्यावरून माझी नजर गेली, डोळे, डोळे, डोळे, कुणाचेच तिचे नव्हते. मला वाटलं, संपलं. खरंच झालं. तेवढ्यात पार टोकाची एक बाई उठली आणि कापसाच्या ढिगातून वाट काढत, पडत-धडपडत माझ्याकडं आली. तिनं फडकं खाली ओढलं. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मी तिच्या गालावरची रुई हातानं पुसली आणि खाली तिचा चेहरा निघाला.

“आई, तू मेली नाहीस ना?” मी विचारलं. तिनं मला असं काही घट्ट धरलं की श्वास घेता येईना. कोण काय म्हणालं, हे तिनं विचारलंच नाही. तिला कळलं होतं.

मालक जिनाच्या अंगणात पोचले तेव्हा त्यांच्याबरोबर शेठ होता, काळी टोपी घातलेला, जाडसर, घाम पुसत असलेला माणूस. मागून मामी धापा टाकत येत होती. मामा इंजिनघरातून पाना हातात घेऊनच बाहेर आला. बायका छपरीतून बाहेर आल्या, गाडीवान बंड्यांवर उभे राहून बघू लागले. मालक मोठ्यानं म्हणाले, “या बाईनं माझ्या कंपनीची मुलगी पळवली आहे. सरळपणानं द्या, नाहीतर पोलीस येतील.” पोलीस म्हटल्यावर मुकादम मागं सरकला. मी आईच्या पायांना बिलगले. मालकांनी पुढं होऊन माझं मनगट पकडलं आणि ओढलं. त्यांची अंगठी हाडाला रुतली. आईनं मला दुसरीकडून धरलं होतं. दुखत होतं. त्यांचा चेहरा माझ्या अगदी जवळ आला होता आणि मला कपडेपटाची ती खोली दिसत होती. मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली:

“पप्पा, सोडा! पप्पा, मला कोंडू नका, पप्पा!”

मनगटावरची पकड सुटली.  शेठचा घाम पुसणारा हात थांबला.

“काय म्हणाली ही?” त्यानं विचारलं.

“लहान मूल आहे. चित्रातलं बोलतेय,” मालक म्हणाले.

तेव्हा आई बोलली. मी तिच्या तोंडून इतके दिवस कुजबुज ऐकली होती आणि त्याआधी पुस्तकासारखी मराठी. हा आवाज निराळा होता. पार फाटकापर्यंत गेला.

“चित्रातलं नोको सांगू! मी वडनेरची यमुना व्हय. या माणसानं माह्या पोट्टीले मी मेली म्हून सांगतलं. तिनं रडावं म्हून! तेच तुमी सारे तंबूत पैसे देऊन पाहून राह्यले. अन् आज पुन्हा तेच सांगाले आला. शेठजी, तुमी तिचे मामा लागत नाई, पण नातं हाय तुमचं. तिचे कान पाहा. अन् याचे पाहा.”

मालकांच्या कानांच्या पाळ्या गालाशी चिकटलेल्या होत्या आणि कान वर टोकदार. माझेही तसेच आहेत. शेठनं बघितलं. एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं. त्याला तिसऱ्यांदा बघावं लागलं नाही. तो वळला आणि जाऊन मोटारीत ड्रायव्हरशेजारी बसला. मालक तिथंच उभे होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मामीच्या पिठाचे दोन हात उमटलेले होते. मी त्यांना त्याआधी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. शेवटी मुकादमच म्हणाला, “साहेब, बंड्या अडकून राह्यल्या. मोटार काढा.”

ते गेले. पुन्हा कधी आले नाहीत. ते चित्र पुरं झालं नाही एवढं पुढं कानावर आलं. पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं? कितीतरी वर्षं मोटारीचा आवाज आला की मी घरात पळायची, आणि लग्न होऊन मुलं झाल्यावरही कुणी खांद्यावर हात ठेवला की माझं अंग आक्रसायचं. आई जिनातच राहिली, नंतर सेवाग्रामला दवाखान्यात आया म्हणून लागली, आणि रोग्यांना ती कुजबुजत नव्हे तर चांगल्या खणखणीत आवाजात दटावायची. तिथं तिला कुणी ओळखलं नाही, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. निदान मला तसं दिसलं नाही.

पण त्या आठवड्यात व्हायचं ते झालं. आर्वीच्या पाहुण्यांचा निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण घराचं काय काय ऐकतो, आता या वर्षी जमायचं नाही. निरोप आणणारा माणूस चहा न घेताच गेला. विमल विहिरीमागं जाऊन बसली. मामा डोक्याला हात लावून ओट्यावर. आईनं आमची दोन-चार लुगडी-झगे एका धडप्यात बांधले, माझे केस विंचरले आणि मामीला म्हणाली, “वयनी, वडनेरले जातो आमी. बाबाचं पडकं घर हाय तिथं. माह्यापायी विमलचं नोको.”  वडनेरच्या त्या रिकाम्या घरात आईला काही झालं तर मी कुणाला हाक मारणार, एवढंच माझ्या मनात होतं.

मामी तुरीच्या हिरव्या शेंगांचं टोपलं घेऊन परसातून येत होती. ती थांबली. गाठोड्याकडं बघितलं. उंबरठ्यावर बसायचं नाही म्हणून आम्हा पोरींना रोज रागावणारी ती बाई सरळ दारात आली आणि उंबरठ्यावर मांडी ठोकून बसली. दार तिच्या अंगानं भरून गेलं. टोपलं पुढं ओढून तिनं एक शेंग फोडली, दाणे पदरात टाकले, दुसरी घेतली.

“जाजो,” ती वर न बघता म्हणाली. “मी उठली का जाजो.”

टोपलं मोठं होतं. आई गाठोडं घेऊन उभीच होती. मग तिनं ते खाली ठेवलं, मामीसमोर बसली आणि एक शेंग उचलली. मीही बसले. थोड्या वेळानं विमल आली, डोळे सुजलेले, तीही बसली.  भोंगा वाजला, भांडी थरथरली, आणि आम्ही चौघी शेंगा सोलत राहिलो.

त्या संध्याकाळी मामीनं सोल्यांची, म्हणजे त्या हिरव्या दाण्यांची, आमटी केली होती. फार तिखट झाली होती.